वाफ वरच्या बाकावरच का?

फिनलंड या देशाची लोकसंख्या आहे सुमारे ५५ लाख, आणि तेथील सौनांची संख्या सुमारे ३० लाख! सौना म्हणजे घाम काढण्यासाठी तापवलेली लाकडी खोली. आपल्याकडे घराला न्हाणीघर असते तितक्या सहजतेने तेथे घराला सौना असतो. वसतिगृहांत असतो, कचेऱ्यांत असतो, फार काय, संसदभवनातही असतो. १९६० साली राष्ट्राध्यक्ष केक्कोनेन यांच्या साठाव्या वाढदिवसाला सोव्हिएत पंतप्रधान ख्रुश्चेव्ह आले होते. केक्कोनेन यांनी त्यांनाही सौनामध्ये नेऊन बसवले. २०२० साली युनेस्कोने फिनलंडच्या सौना-संस्कृतीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

वारसा म्हटला की तो सर्वांचा. मग चाकांच्या खुर्चीवरून वावरणाऱ्या फिनिश मुलाने घरच्यांबरोबर सौनामध्ये कसे बसायचे? तुम्ही म्हणाल, त्यात काय अवघड आहे? दार रुंद करा, उंबरठा काढून टाका, झाले! पण एवढ्याने तो मुलगा खोलीत शिरेल. वाफ काही त्याच्यापर्यंत पोहोचणार नाही. असे का, हे कळण्यासाठी थोडे पदार्थविज्ञान पाहावे लागेल.

सौनाच्या एका कोपऱ्यात शेगडी असते आणि तिच्यावर दगडांचा ढीग. दगड चांगले तापले की त्यांवर पळीने पाणी टाकतात. चर्र आवाज होऊन जी वाफ उसळते तिला फिनिश भाषेत लोयल्यू म्हणतात. गरम हवा थंड हवेपेक्षा हलकी, त्यामुळे ती वर चढते. पाण्याची वाफ तर मुळातच हवेपेक्षा हलकी आहे. तिचा रेणुभार १८, आणि हवेचा सरासरी २९. साहजिकच दोन्ही छताखाली गोळा होतात. गरम पाण्याने स्नान करताना न्हाणीघराच्या वरच्या झरोक्याची काच आधी धुरकट होते, ती याचमुळे. सौनामध्ये छताजवळ ९० अंश सेल्सिअस असताना जमिनीलगत ४० अंशच असणे मुळीच नवलाचे नाही. म्हणून तेथील बाक पायऱ्यांसारखे चढत गेलेले असतात. बसणाऱ्याचे पायसुद्धा दगडांच्या पातळीच्या वर असावेत, असा जाणकारांचा संकेत आहे.

९० अंशांत माणूस भाजून कसा निघत नाही? हवा कोरडी असते. घामाचे झपाट्याने बाष्पीभवन होऊन त्वचा थंड राहते. दगडांवर पाणी पडले की क्षणभर उलटा प्रकार घडतो. वाफ त्वचेवर येऊन तिचे पाणी होते आणि वाफेतील सुप्त उष्णता अंगाला मिळते. अंगावरून सरसरत जाणारा हा ऊबदार लोट म्हणजेच सौनाची खरी गंमत. ती वरच्या बाकावर. खाली खुर्चीत बसलेल्याच्या वाट्याला येतो तो नुसता कोमटपणा.

अमेरिकेने २०१० साली सुगमतेची जी मानके प्रसिद्ध केली त्यांत सौना आणि बाष्पस्नानगृह यांसाठी वेगळे कलम आहे. निदान एक बाक सुमारे ४३ ते ४८ सेंटिमीटर उंचीचा हवा, दार त्या बाकासमोरच्या मोकळ्या जागेवर उघडता कामा नये, आणि चाकांची खुर्ची वळवण्यास जागा हवी. म्हणजे सुमारे दीड मीटर व्यासाचे वर्तुळ. नियम चांगलेच आहेत. बाष्पस्नानगृहात ते पुष्कळसे पुरतातही, कारण तेथे तापमान ४५ अंशांच्या आसपास असते आणि खोली वाफेने भरलेली असते. पण सौनामध्ये ४५ सेंटिमीटर उंचीचा बाक म्हणजे सर्वांत खालचा, सर्वांत थंड बाक!

मग खुर्चीच वर न्यावी काय? ९० सेंटिमीटर उंच चढायचे आणि चढ बारास एक ठेवायचा, तर उतरण जवळजवळ ११ मीटर लांब होईल. सौनाची खोली असते दोन-अडीच मीटरची! आणि ओल्या फळ्यांवरून कोणी उचलून नेणे धोक्याचे तर आहेच. शिवाय दर खेपेला गाठोड्यासारखे उचलून घेणे कोणाला आवडेल?

मला वाटते, प्रश्न उलटा मांडावा. पाय दगडांच्या वर असावेत, एवढेच संकेत सांगतो. पाय वर न्या, असे तो म्हणत नाही. दगड खाली न्यावेत! शेगडी जमिनीतील खड्ड्यात बसवावी, भोवती भक्कम लाकडी कठडा करावा, आणि छत उभ्या माणसाच्या डोक्याला लागणार नाही इतपतच उंच ठेवावे. मग दारातून सपाट आत आलेला मुलगा आणि त्याची आजी एकाच पातळीवर बसतील. जुन्या इमारतीत हे खर्चाचे आहे, हे खरे. नव्या इमारतीत मात्र ते नकाशा काढतानाच ठरवता येते. त्या कठड्याचा उपयोग अंध माणसालाही होतो. शेगडी नेमकी कोठे आहे हे त्याला हाताने कळते.

काही जण म्हणतात, अपंगांना उष्णता बाधते, तेव्हा त्यांनी सौनामध्ये न आलेलेच बरे. यातील पहिला भाग पुष्कळांच्या बाबतीत खरा आहे. मज्जारज्जूला वरच्या भागात इजा झाली असेल तर मेंदूचे संदेश खालच्या घर्मग्रंथींना पोहोचत नाहीत. घाम येत नाही आणि शरीर भराभर तापते. चटका बसला तरी कळत नाही. ॲल्युमिनियम लाकडापेक्षा सुमारे हजारपट उष्णतावाहक असल्याने नेहमीची धातूची खुर्ची आत नेणे धोक्याचेच. पण यावरून बंदीचा निष्कर्ष कसा निघतो? निघते ती पुढील तयारी: लाकडी बैठकीची वेगळी खुर्ची, डॉक्टरांचा सल्ला, बेताचे तापमान, घड्याळ, सोबत कोणी तरी आणि हाताशी गार पाणी. तापमापकही छताजवळ टांगून उपयोग नाही. तो बसणाऱ्याच्या खांद्याच्या उंचीवर हवा. बहिऱ्या माणसाची अडचण याहून साधी आहे. श्रवणयंत्र बाहेर काढून ठेवावे लागते आणि मंद उजेडात समोरच्याचे ओठ दिसत नाहीत. एक दिवा वाढवला की काम भागते.

आता कागद-पेन्सिल घ्या. अडीच मीटर लांब, अडीच मीटर रुंद अशी खोली काढा. तीत दीड मीटर व्यासाचे वर्तुळ मोकळे ठेवा आणि शेगडीचा खड्डा, कठडा व तिघांची बसण्याची जागा बसवून दाखवा. दार कोणत्या बाजूला उघडेल, हेही ठरवा. उत्तरे एकाहून अधिक आहेत.