हवा सोडण्यात येईल

पुण्याच्या पेठांमधून पायी हिंडलात तर ही पाटी हमखास दिसते. 'फाटकासमोर वाहन लावू नये, लावल्यास हवा सोडण्यात येईल.' कोण सोडणार, कधी सोडणार, काही पत्ता नाही. कर्मणी प्रयोगाचा इतका दमदार वापर शाळेतल्या व्याकरणाच्या पुस्तकातही नसेल.

मार्च २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये 'टायर एक्स्टिंग्विशर्स' नावाची मंडळी उगवली तेव्हा मला पहिल्यांदा ही पाटीच आठवली. रात्री श्रीमंत वस्त्यांत जायचं, मोठमोठ्या एसयूव्हींच्या चाकांतली हवा सोडायची आणि काचेवर पत्रक ठेवून पसार व्हायचं, असा कार्यक्रम. पद्धत तर भन्नाट! व्हॉल्व्हच्या टोपणात मसुराचा दाणा ठेवायचा आणि टोपण परत फिरवायचं. दाणा पिन दाबून धरतो आणि हवा आपोआप निघून जाते. (आमटीपलीकडे मसुराचा काही उपयोग असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.)

पण आपल्या पाटीत आणि त्या मसुरात एक फरक आहे. पाटी म्हणते, तू गाडी इथे लावलीस म्हणून हवा जाईल. मग ती नॅनो असो नाहीतर मर्सिडीज. मसूरवाले म्हणतात, तुझी गाडी 'ही' आहे म्हणून हवा जाईल. मग ती तू स्वतःच्या जागेत, कुणाला त्रास न देता का लावलेली असेना. शहरातल्या मोठ्या गाड्यांवरचा लोकांचा राग मला मान्य आहे. माझाही आहे. पण तो पाटीच्या पद्धतीने काढावा, मसुराच्या नको, एवढंच आज म्हणायचं आहे.

हा राग नवा नाही. २००० नंतरच्या दशकात आमच्यातले जे लोक ऑनसाइट म्हणून लंडनला जाऊन आले, त्यांनी 'चेल्सी ट्रॅक्टर' हा शब्द ऐकला असेलच. चेल्सी म्हणजे लंडनचा उच्चभ्रू भाग. तिथल्या आया पोरांना शाळेत सोडायला डोंगरात चालवायच्या गाड्या काढतात, म्हणून हे टोपणनाव. तेव्हा 'अलायन्स अगेन्स्ट अर्बन फोर बाय फोर्स' नावाचा एक गट अशा गाड्यांवर खोट्या पार्किंगच्या पावत्या चिकटवायचा. ('गुन्हा' काय, तर चुकीच्या गाडीची निवड.) त्याच्या संस्थापकांपैकी शॉन बेरी २०२४ मध्ये खासदार झाल्या. आणि २००४ मध्ये तर लंडनचे तेव्हाचे महापौर केन लिव्हिंगस्टन यांनीच शहरात फोर बाय फोर चालवणाऱ्यांना सरळ मूर्ख ठरवलं होतं.

पुढे काय झालं ते बघण्यासारखं आहे. लिव्हिंगस्टन यांनी योजना आणली की मध्य लंडनमध्ये यायला इतरांना ८ पौंड पडतात, तिथे सगळ्यात जास्त धूर ओकणाऱ्या गाड्यांना २५ पौंड पडावेत. ऑक्टोबर २००८ पासून ती लागू व्हायची होती. पोर्शे कंपनी कोर्टाची भाषा करू लागली, आणि मे २००८ मध्ये महापौरच बदलले. नवे महापौर बोरिस जॉन्सन यांनी योजना गुंडाळून ठेवली. थोडक्यात काय, तर शिवी लोकांच्या लक्षात राहिली आणि दर गेला कचऱ्यात.

आता आपल्याकडे या. नोव्हेंबर २०२५ मध्ये हरियाणाच्या पोलीस महासंचालकांनी पत्रकारांसमोर सांगितलं की थार आणि बुलेट दिसली की पोलीस सोडणार नाहीत, थारवाल्याचं डोकं फिरलेलंच असणार, अशा अर्थाचं काहीतरी. व्हॉट्सअ‍ॅपवर टाळ्यांचा पाऊस! पुण्यात थारच्या जागी फॉर्च्युनर ठेवा. 'गुंठामंत्री' हा शब्द ज्याला माहीत आहे त्याच्या डोळ्यांसमोर पांढरी फॉर्च्युनर, काळ्या काचा, फॅन्सी नंबर आणि पुढच्या काचेवर कुठल्यातरी पदाचा स्टिकर आपोआप येतो. आपला राग गाडीवर असतो की त्या माणसावर? की त्याने मुळशीकडची जमीन विकून दोन वर्षांत कमावलं ते आपल्याला वीस वर्षं कोड लिहून जमलं नाही, यावर? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देण्याची सक्ती नाही :-)

बाकी गंमत अशी की शिव्या देणारे आणि घेणारे एकच आहेत. २०२४-२५ मध्ये देशात ४३ लाखांच्या आसपास प्रवासी गाड्या विकल्या गेल्या, त्यातल्या सुमारे ६५ टक्के 'युटिलिटी व्हेइकल' गटातल्या. आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये नुसती नजर टाकली तरी पटतं. म्हणजे हा काही गुंठामंत्र्यांचा खेळ उरलेला नाही, हा आता ईएमआयवाल्यांचा खेळ आहे.

इथे थोडं तांत्रिक. (कंटाळा आला तर हा परिच्छेद सोडून द्या.) लोक ज्याला 'फोर बाय फोर' म्हणून शिव्या घालतात त्यातल्या बहुतेक गाड्यांची दोनच चाकं इंजिनाने फिरतात. क्रेटा भारतात पुढच्या दोन चाकांवरच चालते. थारसुद्धा जानेवारी २०२३ पासून नुसत्या मागच्या दोन चाकांवर चालणारी मिळते. आणि ज्यांच्याकडे खरोखर फोर बाय फोर आहे, त्यांच्या थार किंवा जिम्नीच्या मॅन्युअलमध्येच लिहिलेलं असतं की कोरड्या डांबरी रस्त्यावर ते लावू नका. कारण वळताना पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळं अंतर कापायचं असतं, मधे डिफरन्शियल नसेल तर शाफ्टवर ताण साठत जातो. तेव्हा शहरात फोर व्हील ड्राइव्हचा कुणाला त्रास होतो म्हणावं, तर तो गिअरबॉक्सला. जिम्नी अस्सल फोर बाय फोर आहे, पण तिचं वजन जेमतेम १,२०० किलो आणि रुंदी १,६४५ मि.मी. शेजारी नुसत्या दोन चाकांवर चालणारी फॉर्च्युनर उभी केलीत तरी जिम्नी तिच्यापुढे खेळण्यातली वाटेल.

मग त्रास नक्की कशाचा? रुंदीचा आणि उंचीचा.

आधी रुंदी. आमच्या भागात आतले रस्ते वीस फुटी, म्हणजे ढोबळ सहा मीटर. दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या. अल्टोची रुंदी १,४९० मि.मी. दोन्हीकडे अल्टो असतील तर मधे तीन मीटर उरतात. फॉर्च्युनरची रुंदी १,८५५ मि.मी. दोन्हीकडे त्या असतील तर उरतात २.२९ मीटर. आरसे धरलेले नाहीत, आणि भिंतीला चिकटवून गाडी लावणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. अग्निशमन दलाचा बंब साधारण अडीच मीटर रुंद असतो. म्हणजे पहिल्या गल्लीत बंब जातो आणि दुसऱ्या गल्लीत जात नाही. यात कुणी मुजोर नाही, कुणी नियम मोडलेला नाही. सगळे सज्जन, सगळ्यांचे हप्ते वेळेवर. तरीही तिसऱ्या मजल्यावर आग लागली तर पाइप कोपऱ्यापासून ओढत आणायचा. मोठी गाडी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर काळ्या काचांआधी हे ७३ सेंटिमीटर येतात.

आता उंची. अमेरिकेतल्या 'इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी'ने २०२३ मध्ये पादचाऱ्यांचे सुमारे १८,००० अपघात तपासले. बॉनेट ४० इंचांपेक्षा उंच असेल तर पादचारी मरण्याची शक्यता ३० इंची, उतरत्या बॉनेटच्या गाडीपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त निघाली. कारण समजायला साधं आहे. बुटकी गाडी पायांवर आदळते, माणूस बॉनेटवर पडतो. उंच गाडी थेट ओटीपोटावर, छातीवर आदळते आणि माणूस पुढे फेकला जातो. पहिली-दुसरीतलं पोर असेल तर ते डोक्यावरच. आपल्याकडे तर याला लोखंडी बुलबारची फोडणी असायची. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून ते बेकायदा असल्याचं कळवलं, तरी अजून मिरवताना दिसतात. आणि भारतात रस्त्यावर मरतं कोण? २०२२ मध्ये १,६८,४९१ माणसं गेली. त्यातले ४४.५ टक्के दुचाकीवरचे आणि १९.५ टक्के पायी चालणारे. म्हणजे ज्यांच्या अंगाभोवती पत्रा नसतो ते.

आता दुसरी बाजू. परवा जेवताना मी टीममधल्या एकाला छेडलं, "ऑफिस सात किलोमीटर, त्याला एवढा रणगाडा कशाला रे?" तो म्हणाला, "तू जुलैत माझ्याबरोबर वाघोलीला चल एकदा, मग बोल." याला उत्तर नाही. खड्डे, मांडीएवढे स्पीडब्रेकर, पावसात रस्त्याची होणारी नदी. त्याची बायको आधी छोट्या हॅचबॅकमधून जायची, मागून डंपर आला की तिला धडकी भरायची. आता उंच बसते, बरं वाटतं. लाइट जातात म्हणून इन्व्हर्टर, पाणी येत नाही म्हणून टँकर, तसा रस्ता नाही म्हणून ग्राउंड क्लिअरन्स. या माणसाला महापौर मूर्ख म्हणोत की पोलीस महासंचालक, त्याचा खड्डा तसाच राहतो. फक्त इन्व्हर्टरचा शेजाऱ्याला त्रास होत नाही, या गाडीचा होतो. नाटकाला पुढच्या रांगेतला उभा राहिला की मागच्यालाही उभं राहावं लागतं. आज हॅचबॅकमधल्या माणसाला पुढचा सिग्नल दिसत नाही, म्हणून त्याची पुढची गाडी उंच असते.

जाता जाता, या गाड्यांना माझ्या मामाच्या गावी कुणी शिव्या देत नव्हतं. पाटण तालुक्यात वडापची जीप म्हणजे जीव की प्राण. आत चौदा, मागे लटकलेले चार, टपावर कोंबड्या. एसटी चुकली की वडाप. तेव्हा जीपने किती रस्ता अडवला हा प्रश्नच नव्हता, कारण ती अर्धं गाव घेऊन जायची. आता तेवढ्याच पत्र्यात एक माणूस आणि एक लॅपटॉपची बॅग जाते. असो.

तर करायचं काय? नियमाने गाड्यांचा आकार बदलतो की नाही, याचा पुरावा आपल्या दारातच उभा आहे. चार मीटरच्या आतल्या गाडीला करात सवलत मिळते, म्हणून ब्रेझा, व्हेन्यू, नेक्सॉन, सोनेट या सगळ्यांची लांबी ३,९९५ मि.मी. आहे. चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या इंजिनिअरांना एकाच मिलिमीटरवर दैवी प्रेरणा झाली नसणार. स्पेकमध्ये लांबी लिहिली होती, ती पाळली गेली. रुंदी, वजन आणि बॉनेटची उंची लिहिलीच नव्हती, मग गाड्या तिकडे वाढल्या. मोठ्या एसयूव्हीवरचा कर तर सप्टेंबर २०२५ मध्ये ५० टक्क्यांवरून ४० वर आला. आणि इलेक्ट्रिक असेल तर वजन कितीही असो, ५ टक्के. विजेवर चालली म्हणून गल्लीतली रुंदी काही कमी होत नाही.

पॅरिसने थोडं बरं केलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये मतदान घेतलं, ५४.५ टक्के लोकांनी होकार दिला. (मतदान झालं जेमतेम पावणेसहा टक्के, तेव्हा जनतेचा कौल वगैरे म्हणायला जीभ रेटत नाही.) ऑक्टोबर २०२४ पासून १.६ टनांच्या वरच्या गाडीला शहराच्या मध्यभागी पार्किंगचे तासाला १८ युरो. इलेक्ट्रिकला मर्यादा दोन टन. 'एसयूव्ही' कशाला म्हणायचं हा वादच नाही, सरळ वजनकाटा. पळवाट मात्र मोठी ठेवली. रहिवाशांना त्यांच्या भागात हा दर लागत नाही. म्हणजे पाहुण्याच्या जाड्या गाडीला दंड आणि घरच्या गाडीला लाड!

पुण्यात तर आधी पार्किंगला पैसेच लागायला हवेत. २०१८ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने पार्किंग धोरण मंजूर केलं, सर्वपक्षीय आरडाओरडा झाला, आणि ते वर्षानुवर्षं कागदावरच राहिलं. रस्त्यावर फुकट जागा मिळते तोवर रुंद गाडी घेताना कुणी दोनदा विचार का करावा? मी तरी का करावा?

आणि हे तांत्रिकदृष्ट्या अजिबात अवघड नाही हो. आरसीवर 'अनलेडन वेट' हा रकाना असतोच. तोच आकडा आरटीओच्या 'वाहन' डेटाबेसमध्ये असतो. नंबर टाकला की वजन आलं, वजनाला दर लावला की पावती आली. आमच्या टीममधली दोन फ्रेशर पोरं हे आठवड्यात करून देतील. रुंदीचा रकाना नाही, पण वजन वाढलं की ती बहुतेक वाढतेच, सुरुवातीला तेवढं चालेल. एकच अट, आकड्यापुढे मालकाचं नाव, पद आणि स्टिकर दिसता कामा नये. ते दिसलं की काय होतं, हे आपल्याला माहीत आहे.

आज शनिवार आहे, वेळ असेल तर स्वतःची आरसी काढून तो आकडा बघा. आमच्या हॅचबॅकचा ८७५ आहे. तुमचा किती?