उद्यानाची शोभा आणि रानाचें मोल

पोर्तुगालच्या पश्चिमेस अटलांटिक महासागरांत ज्वालामुखींनीं घडविलेलीं अझोरेस नांवाचीं नऊ बेटें आहेत. त्यांपैकीं सांव मिगेल बेटावर, फुर्नासच्या खोऱ्यांत, उष्ण झऱ्यांच्या सान्निध्यांत टेरा नॉस्त्रा हें उद्यान अठराव्या शतकापासून बहरत आहे. देशोदेशींचे वृक्ष तेथें पाहून प्रवासी तृप्त होतात. परंतु केवळ नेत्रसुखांत समाधान मानणें योग्य नव्हे, असें आमचें मत आहे.

आपल्या परसांतील सोनटक्क्याची पीतवर्णी हिमालयीन बहीण शोभेकरितां या बेटांवर नेण्यांत आली. ती बागेची मर्यादा ओलांडून रानांत शिरली; तिच्या कंदांचें दाट जाळें पसरून देशी झाडांचीं रोपें उगवेनातशीं झालीं. जगांत केवळ याच बेटाच्या पूर्वभागीं राहणारा प्रियोलो पक्षी त्या देशी रानावर जगतो. म्हणून इ. स. २००३ पासून तेथें हीं परकीं झाडें उपटून देशी रोपें लावण्याचें मोठें कार्य हातीं घेण्यांत आलें.

कोणी म्हणेल, फुललेलें झाड उपटणें हें क्रौर्य होय. आम्हांस तो विवेक वाटतो. विद्यार्थ्यांनो, परभूमींतील रोप आणतांना त्याचें सौंदर्य अवश्य पाहा. पण कुंपणापलीकडे गेल्यास तें कोणाचा घास हिरावून घेईल, हेंही आधीं विचारा.