टाळ्या पुरे, गुण द्या

"फादर, त्याले स्टेजवर नका नेऊ, लोक हासतीन," असे एका मातेने स्नेहसंमेलनापूर्वी मला विनविले. मी तिची समजूत घातली, तिच्या मुलाला मागच्या रांगेत हाती पुष्पगुच्छ देऊन उभे केले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या टाळ्यांची मला आज लाज वाटते. मुलाने काही केलेच नव्हते. आम्ही त्याला काही करू दिले नव्हते.

चिअरलीडिंग म्हटले की आपल्याला २००८ पासूनचे आयपीएलचे सामने आठवतात व नाके मुरडली जातात. परंतु त्याच नावाचा एक स्पर्धात्मक खेळ आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने त्याच्या जागतिक संघटनेला २०२१ साली पूर्ण मान्यता दिली. उड्या, कोलांट्या, सोबत्याला उचलून धरणे, एका सुरात घोष. आणि चुकले की पंच गुण कापतात. स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये बौद्धिक दिव्यांग खेळाडूही तो खेळतात. तुल्यबळ संघ समोरासमोर येतात, पण पहिला तो पहिला आणि चौथा तो चौथा!

"बिचाऱ्यांना हरवून रडवायचे कशाला?" असे दयाळू मंडळी विचारतात. आपली मुले परीक्षेत रडतात तेव्हा ही दया कोठे जाते? 'मतिमंद'चे आपण 'दिव्यांग' केले. मागची रांग मात्र तीच ठेवली.

१९६८ साली शिकागो येथे स्पेशल ऑलिम्पिक्सचा प्रारंभ करणाऱ्या युनिस केनेडी श्रायव्हर यांची बहीण रोझमेरी बौद्धिक दिव्यांग होती. १९४१ साली मेंदूवरील शस्त्रक्रियेने ती पंगू झाली आणि त्या नामांकित कॅथलिक घराण्याने तिला कित्येक वर्षे लोकांच्या दृष्टीआड ठेवले. युनिसबाईंनी १९६२ साली स्वतःच्याच घराच्या आवारात अशा मुलांचे क्रीडाशिबिर भरविले. लपविणारे घरही तेच, अंगण उघडणारेही तेच.

इजेची भीती मात्र खोटी नाही. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असतात. तेव्हा डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. कोलांटी वर्ज्य ठरल्यास ती वगळून बाकीचे बसवावे. त्यासाठी मुलाने कोपऱ्यात का बसावे?

आम्हांला चिअरलीडिंग येत नाही, हे कबूल. लेझीम तर येते? ज्या वडशातून दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटक कंपन्या गावोगाव निघतात, तेथे ताल शिकविणारा मिळणार नाही काय? पुढच्या संमेलनात त्या मुलाला लेझमीच्या पहिल्या रांगेत घेऊ. परीक्षक बाहेरगावचे आणू, गुण फळ्यावर लिहू. त्याचा पाय चुकला तर गुण कापावेत; फादरांची ओळख सांगून कोणी ते वाढवून मागू नयेत.