संकेतस्थळाचे शुद्धलेखन

मंडळी, शुद्धलेखनाबद्दल मी इथे पुष्कळदा लिहिले आहे आणि तुम्ही ते (कधी हसून, कधी वैतागून) वाचलेही आहे. आज जरा वेगळ्या शुद्धलेखनाविषयी लिहायचे आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर वाचक अडखळतो, पण संदर्भाने अर्थ लावून पुढे जातो. संकेतस्थळ बनवताना मात्र काही चुका अशा होतात की एका वाचकवर्गाला पुढे जाताच येत नाही. दार दिसते आहे, पण कडी आतून लावलेली! हा वाचकवर्ग म्हणजे अंध वाचक. आणि माझे म्हणणे सरळ आहे : या चुका सुधारणे हा दानधर्म नव्हे. ते नीट लिहिण्याचाच एक भाग आहे. ज्याला नीट लिहायचे आहे त्याने ते केलेच पाहिजे.

आता तुम्ही म्हणाल, अंध माणूस संगणक वाचतो कसा? मलाही हा प्रश्न पडलाच होता. त्यासाठी पडदावाचक प्रणाली असते, तिला सगळे स्क्रीन रीडर म्हणतात. पडद्यावरचा मजकूर ती आवाजात वाचून दाखवते, किंवा हाताखालच्या यंत्रावर ब्रेलचे ठिपके उमटवते. 'जॉज' नावाची अशी प्रणाली १९९५ पासून विंडोजवर आहे, पण ती महाग. २००६ साली मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या, स्वतः अंध असलेल्या तरुणाने 'एनव्हीडीए' लिहायला घेतली आणि ती फुकट देऊन टाकली. आज आपल्याकडचे कितीतरी विद्यार्थी आणि नोकरदार तीच वापरतात. फोनमध्ये तर ही सोय आतच बसवलेली असते.

यात लक्षात घेण्याची गोष्ट म्हणजे हे वाचक उंदीर वापरत नाहीत, सगळा कारभार कळफलकावर. आपण पानावरून एक नजर टाकतो आणि हवे तिथे जातो. ते 'एच'ची कळ दाबून एका मथळ्यावरून दुसऱ्या मथळ्यावर उड्या मारतात, टॅबची कळ दाबून दुव्यांवरून फिरतात. म्हणजे पानावर खरेखुरे मथळे असतील तरच त्यांना उड्या मारता येणार. आपण नुसती अक्षरे मोठी आणि ठळक केली तर डोळ्यांना तो मथळा दिसतो, पण प्रणालीला ती एक साधी ओळ वाटते. अनुक्रमणिका फाडून टाकलेले पुस्तक हातात द्यावे, तसे होते हे.

माझा एक जुना विद्यार्थी आहे. पंचविशीत त्याची दृष्टी गेली, आता पन्नाशी उलटली. नोकरी करतो, कविता वाचतो, माझ्यापेक्षा भरभर टंकतो. मध्यंतरी एका सेवेचे पैसे त्याला जालावरून भरायचे होते. अर्जातल्या एकाही चौकटीला नाव नव्हते, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी त्याला नुसते "संपादन, रिकामे" असे ऐकू येत होते. शेवटी वेडीवाकडी अक्षरे ओळखायला सांगणारे चित्र आले, आणि त्याला आवाजाचा पर्याय नाही. मग शेजारचा मुलगा आला आणि त्याने पाच मिनिटांत काम करून दिले. मी म्हटले, "झाले ना एकदाचे?" तर म्हणाला, "झाले हो बाई. पण पैसे माझे, खाते माझे आणि पासवर्ड मात्र अख्ख्या जिन्याला ठाऊक!" तो हसला. मला काही हसू आले नाही. डोळे नसणे ही एक गोष्ट. आपले खासगी व्यवहार रोज दुसऱ्याच्या हवाली करावे लागणे ही दुसरी, आणि ही दुसरी आपण माणसांनी तयार केलेली आहे.

बरे, या चुका काही फार गहन आहेत असेही नाही. अमेरिकेतल्या युटा राज्य विद्यापीठातली 'वेबएम' ही संस्था २०१९ पासून दरवर्षी दहा लाख संकेतस्थळांची मुखपृष्ठे यंत्राने तपासते. २०२५ च्या तपासणीत ९४.८ टक्के पानांवर चुका सापडल्या. गंमत (गंमत कसली!) अशी की सापडलेल्या चुकांपैकी तब्बल ९६ टक्के चुका अवघ्या सहा प्रकारांतल्या होत्या. फिकी अक्षरे, चित्रांना वर्णन नसणे, अर्जातल्या चौकटींना नाव नसणे, दुव्यांना नाव नसणे, बटणांना नाव नसणे आणि पानाची भाषा न सांगणे. पेपर तपासताना अख्खा वर्ग त्याच सहा चुका करतो आहे असे दिसले, की शिक्षकाला कळते, मुले ढ नाहीत, हा धडा त्यांना कुणी शिकवलेलाच नाही.

तर धडा थोडक्यात असा.

चित्राला वर्णन द्यावे. त्यासाठी 'ऑल्ट' नावाची जागा असते. तिथे "फोटो" असे लिहून भागत नाही. "आजीची पंच्याहत्तरी : आजी मधोमध खुर्चीत, मांडीवर पणतू, मागे चारही लेकी" असे लिहिले की न पाहणाऱ्यालाही समारंभ कळतो. नुसती नक्षी किंवा वेलबुट्टी असेल तर ती जागा मुद्दाम कोरी ठेवावी, म्हणजे प्रणाली गुपचूप पुढे जाते. जागाच ठेवली नाही तर ती बिचारी फाइलचे लांबलचक नाव अंक-अक्षरांसकट वाचत बसते.

दुव्याला अर्थ असावा. "इथे टिचकी मारा" हे आपणा सगळ्यांचे आवडते वाक्य! पण अंध वाचक पुष्कळदा पानावरच्या दुव्यांची नुसती यादी ऐकतो. त्या यादीत ओळीने "इथे, इथे, इथे" आले तर त्याने काय समजावे? "गेल्या वर्षीचा कोकणप्रवास वाचा" असे लिहायला कितीशी जास्त अक्षरे लागतात?

अक्षरे फिकी नसावीत. पांढऱ्यावर राखाडी अक्षरांची फॅशन कुणी काढली देव जाणे. जागतिक जाल संघाची (डब्ल्यूथ्रीसी) मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की साधा मजकूर आणि त्याची पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान साडेचारास एक इतका फरक हवा. पूर्ण अंधांना याचा उपयोग नाही, पण ज्यांना अंधूक दिसते त्यांना आहे. आणि मोतीबिंदू झालेल्या माझ्या वयाच्या सगळ्यांनाच आहे.

पान उघडताच गाणे वाजू नये. तुम्हाला ते नुसते दचकवते, अंध वाचकाचा मात्र वाचनाचा आवाजच त्यात बुडून जातो.

आणि आता आपला मराठीचा खास धडा. जुन्या श्रीलिपीसारख्या टंकांत मजकूर दिसायला मराठी असला तरी पोटात इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे भरलेली असत. तो टंक नसलेल्या संगणकावर आपल्याला कचरा दिसायचा, तसाच पडदावाचकाला आजही तो कचराच ऐकू येतो. आपण मंडळींनी युनिकोडचा हट्ट धरला, तो शोध घेता यावा, कुठेही वाचता यावे म्हणून. त्याच हट्टामुळे अंध वाचकांनाही मराठी खुली झाली, हे आपल्याला माहीत असायला हवे. म्हणून हात जोडून विनंती, की मराठी मजकुराचे चित्र करून लावू नका. कविता सुंदर अक्षरांत, फुलांच्या चौकटीत बसवलीत तर खाली ती टंकूनही द्या. कितीतरी कार्यालये सूचनेचा कागद स्कॅन करून तसाच चढवतात. मजकूर म्हणून त्यात अक्षरही नसते, नुसते कागदाचे छायाचित्र! शिवाय पानाची भाषा मराठी आहे हे पानाच्या पोटात सांगून ठेवावे. नाहीतर इंग्रजी आवाज मराठी वाचायला धावतो आणि जे ऐकू येते ते ऐकवत नाही.

यावर नेहमीचे दोन आक्षेप येतात. पहिला, "आमच्याकडे अंध येतातच किती?" पायऱ्यांच्या दुकानदाराने म्हणावे की आमच्याकडे चाकाच्या खुर्चीवरचे गिऱ्हाईक येतच नाही, त्यातला हा प्रकार. २०११ च्या जनगणनेत दृष्टीचे अपंगत्व नोंदवलेल्यांची संख्या देशात सुमारे ५० लाख होती. ते येत नाहीत की येऊ शकत नाहीत, हे दार उघडल्याशिवाय कसे कळणार?

दुसरा आक्षेप खर्चाचा. इथे सिडनीची हकिगत सांगण्यासारखी आहे. २००० च्या ऑलिंपिकचे संकेतस्थळ वापरता येत नाही म्हणून ब्रूस मॅग्वायर या अंध गृहस्थांनी १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली. चित्रांना वर्णन नव्हते, निकालांचे तक्ते ब्रेलवर वाचता येत नव्हते. संयोजन समितीने प्रचंड खर्चाचे आणि वेळेचे कारण पुढे केले. तज्ज्ञांनी सांगितले की काम त्याहून पुष्कळ कमी आहे. आयोगाने मॅग्वायर यांच्या बाजूने निर्णय दिला, समितीने तो पुरता पाळला नाही आणि अखेर २०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई द्यावी लागली. खर्च होतो तो बांधून झाल्यावर फोडाफोडी करताना. पाया घालतानाच उतरंड केली तर तो फारसा जाणवत नाही.

हल्ली तयार 'विजेट' लावले की पान आपोआप सुधारते अशा जाहिराती दिसतात. त्यांना भुलू नये. अशाच दाव्यांबद्दल एका कंपनीला अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२५ साली दहा लाख डॉलर भरायला लावले. गाइड वापरून निबंध लिहिता येत नाही, तसेच हे.

आपल्याकडे कायदा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत. एप्रिल २०२५ च्या दुसऱ्या निकालात तर डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. बँकेच्या वगैरे ओळखतपासणीत कॅमेऱ्यासमोर "डोळ्यांची उघडझाप करा" असे सांगतात, त्याविरुद्ध आम्लहल्ल्यात होरपळलेल्या आणि अंध व्यक्तींनी दाद मागितली होती. डोळे नाहीत त्याला डोळे मिचकवायला सांगायचे! हे करणारा दुष्ट नसणार, त्याने फक्त विचार केला नाही. पण माझ्या मते कायद्याचा धाक हे शेवटचे कारण असावे. 'अंध'चे 'दिव्यांग' केले म्हणजे आदर दाखवून झाला असे मानणाऱ्यांना मी एवढेच विचारीन, की तुमचा अर्ज त्यांना एकट्याने भरता येतो का?

आपल्या घरातली निम्मी तरुण मंडळी याच व्यवसायात आहेत, कुणी पुण्यात, कुणी बंगळुरूला, कुणी तिकडे अमेरिकेत. तुम्हाला एक गृहपाठ देते (सवय जात नाही!). तुम्ही बनवलेले एखादे संकेतस्थळ उघडा, उंदीर बाजूला काढून ठेवा आणि फक्त टॅब व एंटर वापरून त्यातले एक काम पूर्ण करून बघा. मग एनव्हीडीए उतरवून घ्या, पडदा बंद करा आणि तेच काम कानांनी करा. दहा मिनिटांत कुठे अडता ते कळेल. जिथे अडाल तिथे दुरुस्त करा, आणि वरिष्ठ "नंतर बघू" म्हणाले तर त्यांनाही तीच दहा मिनिटे करायला लावा.

लिहिणाऱ्या मंडळींनी आपल्या पुढच्या नोंदीपासून चित्रांना वर्णन आणि दुव्यांना नाव एवढे तरी सुरू करावे. जुन्या नोंदी हळूहळू, आठवड्याला दोन अशा सुधारता येतील. माझा तो विद्यार्थी तुमच्यापैकी काहींचे लेखन नियमित ऐकतो, हे मला त्याच्याकडूनच कळले. कोणाचे ऐकतो आणि कोणाचे मध्येच सोडून द्यावे लागते, ते मात्र मी सांगणार नाही.

असो. आज पुष्कळ लांबले. गृहपाठ करून बघा आणि कुठे अडलात ते मला जरूर कळवा.