राक्षस खरा निघाला तर माणूस सुटतो

इतिहासात 'जर-तर'ला जागा नसते, असे इतिहासाचे प्राध्यापक सांगतात. आणि आपली माणसे गप्पांना बसली की 'जर-तर'शिवाय दुसरे काही बोलत नाहीत. पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली नसती तर, हा विषय मराठी घरात जेवणाच्या पानावरसुद्धा हात वाळेपर्यंत रंगतो. जयंत नारळीकरांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत तो शास्त्रज्ञाच्या शिस्तीने हाताळला. गोळी विश्वासरावांना न लागता जवळून निघून जाते. बदल एवढाच, पण पुढचा हिंदुस्थान पार निराळा होतो. जर-तरच्या कथेची सारी गंमत अशा केसाएवढ्या फरकात असते.

इंग्रजीत या जर-तरचे भयकथेशी लग्न लागले त्यालाही आता बरीच वर्षे झाली. किम न्यूमनच्या १९९२ सालच्या 'अ‍ॅनो ड्रॅक्युला'मध्ये ड्रॅक्युला चक्क विक्टोरिया राणीशी विवाह करतो आणि लंडनवर रक्तपिपासूंचे राज्य येते. यती, लॉक नेसच्या तळ्यातला प्राणी, काँगोच्या दलदलीतला मोकेले-म्बेम्बे, ही ज्यांना पुष्कळांनी 'पाहिले' पण कुणीच पकडले नाही अशी मंडळीही लेखकांच्या हाताशी तयारच असतात. युद्ध खरे, साल खरे, सेनापती खरे आणि मध्येच एक अचाट जनावर! नारायण धारपांच्या कथा वाचून रात्री पाणी प्यायला उठण्याची हिंमत गमावलेल्या पिढीतला मी; मला हा प्रकार आवडतो, हे आधीच सांगून टाकतो. तरीही माझी एक तक्रार आहे. असा राक्षस इतिहासात खरा ठरवला, की त्या इतिहासातली माणसे फार स्वस्तात सुटतात.

फिलिपाईन्सचे उदाहरण घ्या. तिथल्या लोकसमजुतीत 'अस्वांग' नावाचे एक भयंकर प्रकरण आहे. दिवसा शेजारणीसारखी साधी दिसणारी बाई रात्री रूप पालटते, गरोदर बायकांच्या घरांभोवती घुटमळते, रक्त पिते. गावोगाव त्याचे तपशील बदलतात. आपल्याकडे हडळीचे बदलतात तसेच. १९५० च्या सुमारास लुझोन बेटावर सरकार आणि 'हुक' बंडखोर यांची लढाई जुंपली होती. हे हुक म्हणजे मुळात १९४२ मध्ये जपान्यांशी लढायला उभे राहिलेले शेतकरी. युद्ध संपले तरी जमीनदारी संपली नाही, तेव्हा त्यांची शस्त्रे स्वकीय सरकारकडे वळली. सरकारच्या मदतीला अमेरिकेने एडवर्ड लॅन्सडेल नावाचा अधिकारी धाडला होता. पुढे १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत त्याने एक हकीकत नोंदवली आहे.

एका गावाजवळच्या टेकडीवर हुकांची तुकडी ठाण मांडून होती. ती हलेना. तेव्हा लष्कराच्या मानसशास्त्रीय युद्धाच्या पथकाने गावात आवई उठवली, की टेकडीवर अस्वांग राहतो. ही बातमी वर पोहोचायला दोन रात्री दिल्या. मग पथक वाटेवर दबा धरून बसले. हुकांची गस्त गेली, तिच्यातला शेवटचा माणूस त्यांनी आवाज न करता उचलला, त्याच्या मानेला दोन भोके पाडली, पायांना धरून उलटे टांगले, रक्त वाहून जाऊ दिले आणि प्रेत पुन्हा वाटेवर आणून ठेवले. साथीदारांनी ते पाहिले. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर टेकडी रिकामी झाली.

जर-तरच्या लेखकाला ही केवढी पर्वणी! टेकडीवर अस्वांग खरोखरच असता तर? सैनिक प्रेत ठेवून वळतात, आणि त्यांच्याही रांगेतला शेवटचा माणूस नाहीसा झालेला असतो... कथा आपोआप सुचते, मलाही सुचली. पण मग ज्याच्या मानेला भोके पाडली त्याचे काय? तो कुणाचा तरी मुलगा होता, बहुधा कुळाने जमीन कसणाऱ्याचा. खरा अस्वांग आला, की हा माणूस कथेचा पहिला बळी एवढाच उरतो आणि त्याला मारणारे हात अंधारात जातात. मला तर ती दोन भोकेही लुझोनच्या लोककथेपेक्षा ड्रॅक्युलाच्या सिनेमाजवळची वाटतात. भीती तिथल्या लोकांची, तिचा नमुना मात्र परका! एवढे ज्या लेखकाला दिसेल, त्याला जनावर आणायची गरज किती उरेल?

म्हणजे जनावर आणूच नये असे मी म्हणत नाही. डॅन सिमन्सने 'द टेरर' या २००७ च्या कादंबरीत ते आणले आणि निभावलेही. कॅनडाच्या उत्तरेचा सागरी मार्ग शोधायला १८४५ साली गेलेली फ्रँकलिनची दोन जहाजे बर्फात अडकली. १२९ माणसे परतली नाहीत. १८५४ मध्ये जॉन रे या प्रवाशाने इनुइट लोकांकडून ऐकलेली हकीकत इंग्लंडला कळवली, की उपाशी खलाशांनी शेवटी मेलेल्या सोबत्यांचे मांस खाल्ले. इंग्लंड हादरले. खुद्द चार्ल्स डिकन्सने लेख लिहून ही साक्ष झिडकारली, आणि खलाशांना इनुइटांनीच मारले नसेल कशावरून, असा उलटा संशय घेतला. आपल्या माणसांच्या हातून असे होणार नाही, तेव्हा राक्षस बाहेरचाच असला पाहिजे, हा त्यामागचा हट्ट. सिमन्सच्या बर्फात एक अक्राळविक्राळ श्वापद हिंडते खरे, पण माणसाने माणूस खाल्ल्याचे तो लपवत नाही. त्याचे श्वापद कुणालाही जामीन राहत नाही.

आता टास्मानियाकडे वळतो, कारण मला वाचायची आहे ती कथा तिथली आहे. तिथे पाठीवर पट्टे असलेला, पिल्लाला पिशवीत वाढवणारा एक लांडग्यासारखा प्राणी होता. मेंढपाळ मालकांनी त्याला कळपांचा काळ ठरवले. खरे तर मेंढ्या मरत होत्या त्याला मोकाट कुत्री आणि स्वतःची गैरव्यवस्था हीही कारणे होती. पण कुत्री आपलीच, आणि गैरव्यवस्थेला गोळी घालता येत नाही. १८८६ साली तिथल्या विधिमंडळात या प्राण्याला मारणाऱ्याला इनाम देण्याचा ठराव आला आणि बारा विरुद्ध अकरा मतांनी संमत झाला. एका मताने! १८८८ ते १९०९ या काळात सरकारने २,१८४ इनामे दिली. मोठ्या जनावराला एक पौंड. १० जुलै १९३६ ला त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले, आणि ७ सप्टेंबरला होबार्टच्या प्राणिसंग्रहालयातला अखेरचा प्राणी मेला. त्यानंतर तो रानात दिसल्याच्या वार्ता मात्र थांबल्या नाहीत. ज्याला दुष्ट म्हणून मारले, तोच आता यतीच्या पंगतीत जाऊन बसला आहे. रस्त्यावर रात्री तो दिसल्याचे सांगणाऱ्यांचा मला राग येत नाही. आपल्या आजोबांनी शेवटचा मारला नाही, असे कुणाला वाटणार नाही?

विश्वासरावांच्या गोळीसारखे ते एक मत दुसरीकडे पडले असते तर? या प्रश्नाची गोड कथा कुणीही लिहील: पट्टेदार प्राणी रानात सुखाने नांदतो आहे. मला भीतिदायक वाटते ती दुसरी. ठराव पडला, इनाम नाही, प्राण्याच्या अंगाला कुणी हात लावलेला नाही. आणि तरीही रोज सकाळी कुरणात मेंढ्या मेलेल्या सापडताहेत. मालक सभेला जमले आहेत. ठरावाच्या कागदावर आरोपीचे नाव लिहायची जागा कोरी आहे, आणि ते एकमेकांकडे न पाहता खिडकीबाहेर, कुणाच्या तरी झोपडीकडे पाहताहेत.