क्राफ्ट आणि हातभट्टी

पुण्याहून रांझीला आलेला भाचा बॅरल-एज्ड बिअरचं कौतुक सांगत होता. ओकच्या पिंपात महिनोन्महिने मुरवलेली, मोजक्याच बाटल्या, आधीपासून नंबर लावायचा. ऐकायला मजा आली. शेवटी विचारलं, क्राफ्ट म्हणजे हाताचं काम ना? मग हातभट्टी काय असते रे?

इथे जबलपुरात कुचबंधिया समाजातल्या काही बायका मोहाची फुलं आंबवून दारू गाळतात. इंग्रजांनी जन्मजात गुन्हेगार ठरवलेल्या, 1952 साली विमुक्त झालेल्या जमातींपैकी हा समाज. त्यांच्या वाट्याला 1915 चा आबकारी कायदा, कलम 34 आणि धाड. ओळखीच्या एका मावशींचे माठ फोडले, त्यांनाही नेलं. चव कोणी विचारली नाही.

2021 मध्ये राज्य सरकारनं मोहाची दारू 'हेरिटेज' म्हणून विकायचं जाहीर केलं, आदिवासींसाठी. चांगलंच झालं. घरापुरती गाळायची सवलतही अनुसूचित जमातींनाच. विमुक्तांना नाही.

दारूनं बुडालेली घरं मी वस्तीत पाहिलीत. पण महागडी बाटली जमवणाऱ्याच्या जातीवर कुणी गुन्हा लिहीत नाही.

भाचा म्हणाला, "मामा, त्या मावशींची एकदा चाखायला हवी."

म्हटलं, सध्या त्या जामिनाचे पैसे फेडताहेत.