देवानें दिलेला

गेल्या वर्षीं एक पालक आपल्या मुलास घेऊन माझ्याकडे आले. मुलाचें नांव देवदत्त. "सर, हें नांव आजोबांनीं ठेवलें. पण तें ख्रिस्ती मुलाचें वाटत नाहीं. दाखल्यावर बदलून घ्यावें असें मनांत आहे," असें ते म्हणाले. मुलगा खालीं मान घालून शेजारीं उभा होता. वर्गांतील सोबत्यांनीं याच कारणावरून त्यास चिडविलें होतें, हें मागाहून कळलें. त्या दिवशीं त्या गृहस्थांस जें सांगितलें, तेंच येथें थोड्या विस्तारानें लिहीत आहें. कारण असा प्रश्न अनेक घरांत निघतो.

देवदत्त म्हणजे देवानें दिलेला. संस्कृताचे विद्यार्थी हा तृतीया तत्पुरुष समास सहज सोडवितील. नांव फार जुनें आहे. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायांत अर्जुनाच्या शंखाचें हेंच नांव आहे. सुरगुजा येथील रामगड टेकडीवर जोगीमारा नांवाची गुहा आहे. तिच्यांतील ब्राह्मी लेखांत 'देवदिन्न' हें त्याचें प्राकृत रूप कोरलेलें आढळतें. संस्कृत व्याकरणकारांस उदाहरणासाठीं कोणी भात शिजविणारा किंवा गांवास जाणारा मनुष्य हवा असला, कीं ते देवदत्तालाच बोलावितात. इतकें हें नांव घरोघरचें होतें. पतंजलीच्या महाभाष्यांत तर देवदत्तास नुसतें 'देव' किंवा नुसतें 'दत्त' म्हणण्याची मुभाही आहे. आपल्या आया मुलांस 'दत्तू' म्हणून हांक मारितात, त्या व्याकरणाबाहेर जात नाहींत!

आतां आपल्या पवित्र शास्त्राकडे वळूं. नथनेल या इब्री नांवाचा अर्थ काय? देवानें दिलें आहे. योनाथान व मत्तय यांचाही भावार्थ तोच. ग्रीक लोकांनीं थिओडोर म्हटलें, रोमी लोकांनीं आदेओदातुस. संत ऑगस्टीन यांच्या मुलाचें नांव आदेओदातुस होतें, व ३८७ सालीं मिलान येथें बापलेकांचा बाप्तिस्मा एकदमच झाला. पारशी बांधव खोदादाद म्हणतात, त्याचाही अर्थ हाच. फ्रान्सचा राजा चौदावा लुई १६३८ सालीं आईबापांच्या विवाहानंतर तेवीस वर्षांनीं जन्मला, म्हणून त्यास 'देवदत्त' याच अर्थाचें द्येदोने हें दुसरें नांव मिळालें. भाषा निराळ्या, पण पाळण्याशीं उभ्या असलेल्या आईबापांच्या अंतःकरणांतून निघालेला उद्गार एकच.

कोणी म्हणतील, यांतील 'देव' हा शब्दच परका आहे. तर मग मराठी शास्त्र उघडून पाहावें. उत्पत्तीच्या पहिल्याच वाक्यांत सृष्टिकर्त्यास 'देव' म्हटलें आहे. रोज रात्रीं ज्या शब्दानें आपण प्रार्थना करितों, तो मुलाच्या नांवांत आला म्हणजे परका कसा होतो?

कवि नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, पण नारायण हें नांव टाकिलें नाहीं. त्यांच्या मुलाचें नांवही देवदत्तच. ख्रिस्ती झाल्यावरही तें तसेंच राहिलें, व लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रें' या पुस्तकांत तो दत्तू म्हणून आपणांस भेटतो. त्या घराच्या भक्तीस यामुळें कांहीं उणेपणा आला, असें कोण म्हणेल? आजच्या मुलांस हें नांव क्रिकेटपटु देवदत्त पडिक्कल यांच्यामुळें परिचित आहे. ते २०२४ सालीं धरमशाला येथें भारतातर्फे आपला पहिला कसोटी सामना खेळले.

याचा अर्थ योनाथान किंवा थिओडोर हीं नांवें ठेवूं नयेत, असा मुळींच नाहीं. तींही गोड आहेत. माझें म्हणणें एवढेंच, कीं एका नांवास दुसऱ्यापुढें लाजावयास लावूं नये. आणि केवळ नांवानें कोणी साधु होत नाहीं, हेंही विसरूं नये. गौतम बुद्धाच्या जिवावर उठलेला त्याचा चुलतभाऊ देवदत्तच होता. आणि प्रभूस तीस रुपयांस विकणाऱ्या यहूदाच्या नांवाचा अर्थ तर स्तुति असा आहे. नांव आईबाप देतात. त्याची अब्रू राखणें मुलाच्या हातीं असतें.

पालकांसही एक विनंति आहे. 'दत्त' या शब्दांत देणारा कोण, हें स्पष्ट आहे. मूल ही आपली मिळकत नव्हे. तें आपल्या राहिलेल्या हौसा पुरविण्यासाठीं किंवा शेजाऱ्यांच्या मुलावर गुणांत मात करण्यासाठीं दिलेलें नाहीं. हन्नेनें शमुवेलास देवापासून मागून घेतलें, आणि मिळाल्यावर देवाच्याच सेवेस परत दिलें. देणगीचा तिनें केलेला हा स्वीकार प्रत्येक आईबापांनीं ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

तें कुटुंब उठलें तेव्हां अर्ज माझ्या मेजावर कोराच राहिला होता. दुसऱ्या दिवशीं हजेरी घेतांना मीं 'देवदत्त' म्हटलें, आणि मागच्या बांकावरून नेहमींपेक्षां मोठा आवाज आला, "हजर!"